पाच भारे कुठे गेले?

रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वीस-पंचवीस घरांची वाडी होती. त्या वाडीत एक म्हातारा राहायचा. लहानथोर सगळेच त्याला आजा म्हणायचे. आजाचा बाप खैराचा काथ करायचा. काथाचं काम सुटलं आणि आजा तरुणपणीच कोळशाच्या भट्टीवर गेला. तेव्हापासून पावसाळा सोडला तर त्याचं घर म्हणजे भट्टीशेजारचं खोपट.

दिवाळी झाली की खालच्या गावातला शेठ वाडीवर यायचा. ओट्यावर बसायचा, वही मांडीवर घ्यायचा आणि उचल वाटायचा. कुणाला पाच हजार, कुणाला सात. उचल घेतली की तो माणूस पाऊस पडेपर्यंत शेठचा. मजुरी पोत्यामागे ठरलेली असायची आणि ती उचलीत वळती व्हायची. मधल्या काळात शेठ तांदूळ, मीठ, तेल पाठवायचा, त्याचे पैसे वेगळे लागायचे. मिरगाच्या तोंडावर हिशोब व्हायचा आणि दरवर्षी थोडी बाकी आजाकडेच निघायची. ती बाकी पुढच्या वर्षाच्या पानावर चढायची.

आजाला वाचता येत नव्हतं. पण पोती तो नेमकी मोजायचा. खोपटाशेजारी एक सपाट कातळ होता. त्यावर तो कोळशानेच रेघा ओढायचा, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

त्या वर्षी शेठने एका मालकी रानातली झाडं विकत घेतली होती. किंजळ होती, ऐन होता, थोडा धावडा होता. रीतसर परवानगी काढली होती. कागदावर दोनशे चाळीस क्विंटल लाकूड लिहिलेलं होतं. झाडांवर सरकारी हातोड्याचे शिक्के पडले आणि मग माणसं रानात शिरली.

आजाची तोडायची एक पद्धत होती. तो झाड जमिनीलगत तोडायचा, वीतभरही बुंधा वर ठेवायचा नाही. घाव तिरका घालायचा, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्यावर साचत नाही. साल फाटू द्यायचा नाही. कोयता बोथट झाला की काम थांबवून आधी धार लावायचा. तरुण पोरं वैतागायची. मजुरी पोत्यावर, मग तोडण्यात एवढा वेळ कशाला घालवायचा? आजा त्यांना म्हणायचा, "मला मेल्यावर हितंच पुरणार हायत. शेजार नको का बरा?" पोरं हसायची. पण पावसाळ्यानंतर त्याने तोडलेल्या बुंध्यातून धुमारे फुटायचे, हे त्यांनीही पाहिलं होतं.

भट्टी लावणं हे तर आजाचंच काम. मधे धुराला वाट ठेवून तो लाकडं उभी रचायचा, जाड आत आणि बारीक बाहेर. वर ओला पाला, गवत, आणि त्यावर मातीचा जाड थर. बुडाशी बोटभर भोकं. वरून निखारा टाकला की पुढचे चार-पाच दिवस भट्टीला एकटं सोडता यायचं नाही. आत हवा जास्त गेली तर कोळशाची राख होते. कमी गेली तर लाकूड कच्चं राहतं. रात्री माती खचली आणि भोक पडलं, तर उठून ते बुजवायला भट्टीवर चढावं लागतं. आजाच्या डाव्या पायावर गुडघ्यापर्यंत भाजल्याचा डाग होता. एकदा असाच चढला असताना कवच फुटून पाय आत गेला होता.

धुराकडे पाहून त्याला आतलं सगळं कळायचं. पहिल्यांदा दाट पांढरा धूर येतो, ते लाकडातलं पाणी. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा. शेवटी पातळ निळा. निळा दिसला की आजा एकेक करून भोकं बुजवायचा आणि भट्टी थंड व्हायची वाट बघत बसायचा.

एप्रिल संपत आला आणि आश्रमशाळेला सुट्टी लागली. आजाची नात भट्टीवर राहायला आली. सातवीतली पोर. आईबापाबरोबर लाकडं वाहायची, पोत्यांची तोंडं शिवायची. एक दिवस भट्टी फोडताना ती आजाजवळ येऊन उभी राहिली.

"आज्या, या भट्टीत आपण किती भारे लाकूड घातलं?"

"कोळशाच्या एका भाऱ्याला सहा भारे. बापाच्या वक्तापासून हाच हिशोब हाय."

"मंग पाच भारे कुठं गेले?"

"धुरात."

"आन् धूर?"

आजाने वर बोट दाखवलं.

"आभाळ भरत नाय का मग?"

आजा हसला. त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. पोर मात्र हसली नाही. तिने दप्तरातली वही काढली आणि कातळावरच्या रेघा मोजत बसली.

रेघा सहाशे चाळीस भरल्या. पंचवीस किलोचं एक पोतं. म्हणजे एकशे साठ क्विंटल कोळसा. त्याला सहाने गुणलं तर नऊशे साठ क्विंटल लाकूड. शेठच्या माणसाने ट्रकमध्ये ठेवायला आणलेली परवानगीची नक्कल तिने मघाशीच वाचली होती. दोनशे चाळीस. परवानगीच्या चौपट लाकूड जळलं होतं.

तिने हे आजाला सांगितलं. आजा गप्प झाला. त्याला हे गुणाकाराशिवायच ठाऊक होतं. मालकी रानातली झाडं शिमग्याच्या आधीच संपली होती. त्यानंतर शेठचा मुकादम म्हणाला होता, "वरच्या अंगाला सरका." वरच्या अंगाला दगडांचा बुरूज होता. वनखात्याची हद्द. बुरुजाच्या पलीकडचं सगळं सरकारी जंगल. आजाने विचारलं होतं, "पलीकडचं तोडायचं?" मुकादम म्हणाला होता, "उचल फेडायचीय ना?"

कोळशाचे ट्रक रात्रीचे जायचे. एका ट्रकमध्ये एकशे साठ पोती. नाक्यावर पास दाखवला जायचा, तो खरा होता. सही खरी, शिक्का खरा, एकशे साठ पोत्यांचाच. फक्त त्या एका पासवर चार खेपा झाल्या होत्या. नाक्यावरचा माणूस पोती मोजायचा, ती बरोबर भरायची.

वरच्या अंगाला मुकादमाने यंत्राची करवत घेऊन बाहेरची चार माणसं आणली होती. त्यांना घाई होती. ती गुडघाभर उंचीवर कापायची, साल फाटून लोंबायची. लाकूड वाहायचे कष्ट नकोत म्हणून भट्टीही तोडलेल्या बुंध्यांवरच लावायची. भट्टीच्या आगीने जमिनीतली मुळं भाजून निघायची. आजा त्यांच्यापासून दूर, आपल्या पद्धतीने तोडत राहिला. पण तोडत राहिला, हेही खरं.

मे महिन्यात एके सकाळी गार्डने आजाला बुरुजाच्या पलीकडे पकडलं. हातात कुऱ्हाड, कमरेला कोयता, समोर ताजा तोडलेला किंजळ. यंत्रवाले आवाज ऐकूनच पळाले होते. आजाला पळता येत नव्हतं.

त्याला रेंजरसाहेबांच्या कचेरीत नेलं. शेठला बोलावणं गेलं. शेठ पांढऱ्या कपड्यांत आला, परवानगीची फाईल घेऊन आला.

"साहेब, माझे कागद बघा. माझी तोड मालकीतली. हे लोक चोरून आत शिरतात, त्याला मी काय करणार? मी तर उलट यांना पोसतो."

साहेबांनी कागद पाहिले. कागद चोख होते. साहेब निवृत्तीला आले होते. असले कागद त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि असे म्हातारेही. त्यांनी गुन्हा लिहायला घेतला. झाडाची जात, घेर, हत्यार, आरोपीचं नाव.

"तोडलंस का रे बाबा?"

"तोडलं साहेब."

दारात नात उभी होती. तिच्या हातात वही होती. ती आत आली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, पाच भारे कुठं जातात?"

गार्डने तिला बाहेर जायला सांगितलं. साहेबांनी त्याला थांबवलं. "कसले पाच भारे?"

पोरीने वही उघडून टेबलावर ठेवली. पोती, किलो, क्विंटल, गुणिले सहा. शेठ म्हणाला, "पोरीच्या वहीवर कचेरी चालते का साहेब?" साहेबांनी शेठच्याच फाईलमधला पास काढला, वहीशेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत बसले. मग त्यांनी नाक्यावरचं रजिस्टर मागवलं. त्यात एकाच नंबरचा पास चार तारखांना लिहिलेला होता. लिहिणारे चार जण वेगळे होते, कुणी मागचं पान उलटलं नव्हतं.

दुपारी साहेब स्वतः डोंगर चढले. त्यांच्या मागे गार्ड, आजा आणि पोर. बुरूज ओलांडल्यावर आजा म्हणाला, "साहेब, पोतं बघून काय कळत नाय. खोड बघा."

साहेबांनी एकेक खोड पाहिलं. एका बाजूला फाटलेले उंच बुंधे, त्यांच्यावर काळी, भाजलेली माती. दुसऱ्या बाजूला जमिनीलगतचे तिरके घाव. त्यातल्या जुन्या बुंध्यांना हातभर धुमारे होते. माणूस एकच असता तर घावही एकसारखे असते. गार्डलाही ते दिसलं.

तिथे एका दगडावर बसून साहेबांनी पोरीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. लाकडात पाणी असतं, त्याची वाफ होते. बाकीचं वायू होऊन हवेत मिसळतं. त्या वायूंनी हवा तापते. झाड वाढताना त्यातला एक वायू हवेतूनच घेतं आणि त्याचं लाकूड करतं. जाळलं की तो परत हवेत जातो.

आजा लक्ष देऊन ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजी आभाळाकडून उचल घेतल्यागत झालं. खोड जितं राहिलं तर धुमारे फेडतात."

"फेडतात. पण दहा-पंधरा वर्षं लागतात," साहेब म्हणाले.

"आन् खोड मेलं तर?" पोरीने विचारलं.

"तर बाकी पुढच्या पानावर," आजा म्हणाला.

"पुढचं पान कुणाचं?"

"तुझंच, बाय."

साहेबांनी गुन्हा फाडला नाही. झाड तोडलं होतं आणि ते लिहिणं भाग होतं. पण आरोपींच्या यादीत त्यांनी शेठचं नाव पहिलं घातलं, मुकादमाचं दुसरं. आजाचा सविस्तर जबाब घेतला. खाली रचून ठेवलेली पोती जप्त केली, पास रद्द केला. शेठ चिडून आजाला म्हणाला, "आता माझी उचल कोण फेडणार रे?" ते साहेबांनी ऐकलं. ते म्हणाले, "उचलीचं प्रकरण माझ्या खात्याचं नाही. पण तहसीलदार कचेरी याच रस्त्यावर आहे." आणि त्यांनी एक पत्र लिहून पोरीच्या हातात दिलं.

तहसील कचेरीला तीन महिने लागले. पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं, मधे पाऊस झाला, लावणी झाली. शेवटी एक कागद आला. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे आजा मुक्त झाला होता आणि शेठच्या वहीतलं त्याचं देणं त्या कायद्यानेच रद्द झालेलं होतं. पोरीने कागद वाचून दाखवला. आजाने विचारलं, "1976? म्हंजी तवापासून?" पोर म्हणाली, "तवापासून." आजाने आयुष्यभर जे फेडलं ते कायद्याने त्याच्याकडे कधीच नव्हतं.

गोष्ट इथे थांबवून थोडं सांगायला हवं.

आपल्याकडे कोळशावर कायदा नाही असं नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा हा जंगलातला असो वा बाहेरचा, वनोपजच मानला आहे. त्याच यादीत काथही आहे, म्हणजे आजाच्या बापाचा धंदा आणि आजाचा धंदा दोन्ही एका ओळीत बसलेत. महाराष्ट्रात 1964 चा झाडं तोडण्यावरचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, खैर अशा झाडांची नावं आहेत आणि ती मालकी रानातही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वाहतुकीला पास लागतो. उचलीच्या फासाविरुद्ध कायदा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा हक्क वाडीच्या ग्रामसभेलाही दिला आहे. मागणीच्या टोकालाही आता हात घातला गेलाय. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तिथे कारण शहरातल्या हवेचं होतं, पण डोंगरावरच्या खोडापर्यंत त्याचा परिणाम पोचू शकतो.

हे सगळे कायदे वेगवेगळ्या कचेऱ्यांत राहतात. एक झाड बघतो, एक पोतं बघतो, एक माणूस बघतो. शेठला तिन्हींच्या मधून जायची वाट माहीत असते. नाक्यावर पोती बरोबर भरतात, म्हणून रान बरोबर आहे असं कागदावर ठरतं. एका पोरीने सहाने गुणलं तेव्हा कुठे तीन कचेऱ्यांतले तीन कागद एका टेबलावर आले.

आणि तिच्या पाच भाऱ्यांचा हिशोब साहेबांनी सांगितला त्याहून थोडा कडू आहे. मातीच्या भट्टीत हवा कमी असते, त्यामुळे धुरात मिथेनही निघतो. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक तापवतो, आणि धुमारा मिथेन शोषून घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये जगाचा अंदाज मांडला होता. सरपण आणि लाकडी कोळसा यांपायी वर्षाला एक ते 2.4 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात, म्हणजे माणसाने सोडलेल्या एकूण वायूंच्या दोन ते सात टक्के. त्याच संघटनेचं म्हणणं आहे की सुधारलेल्या भट्ट्या आणि नीट राखलेलं रान यांनी हा आकडा बराच खाली येऊ शकतो. आजाच्या हातात यातली अर्धी विद्या आधीपासून होती. ती परवानगीच्या एकाही अटीत कुणी लिहिली नव्हती.

त्यानंतर आजाने भट्टी लावली नाही. साहेब निवृत्त होण्याआधी एकदा वाडीवर आले. नव्या गार्डला घेऊन आले आणि आजाला म्हणाले, "याला घाव ओळखायला शिकवा." आजाने शिकवलं. पुढच्या पावसाळ्यात वाडीतल्या बाया गुरं आत जाऊ नयेत म्हणून वरच्या अंगाला काटेरी कुंपण घालून आल्या. तिरक्या घावांच्या बुंध्यांवर दोन वर्षांत माणसाच्या उंचीचे धुमारे आले. यंत्राने कापलेल्या आणि भट्टीखाली भाजलेल्या बुंध्यांतून काही फुटलं नाही. तिथे आता टणटणी माजली आहे.

पोर दहावीला गेली. वाडीतली सगळीच माणसं मात्र थांबली नाहीत. रानातलं काम बंद झालं आणि दुसरं काम आलं नाही. दिवाळीनंतर दुसराच एक शेठ वहीसकट वाडीवर आला. अकरा माणसं उचल घेऊन, पोराबाळांसकट ट्रकमध्ये बसून घाटावर गेली. तिथे माळावर वेडी बाभूळ माजलेली असते, तिचा कोळसा पाडतात. वेडी बाभूळ 1964 च्या त्या अनुसूचीत नाही, त्यामुळे तिथल्या तोडीवर रेंजरसाहेब येण्याचं कारण उरत नाही. तहसीलदारांनी मात्र यायला हवं.